एका उन्हाळ्याची छपरे

पुण्यास एम्प्रेस गार्डनमध्ये हिवाळ्यात जे पुष्पप्रदर्शन भरते, ते आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी मुलाबाळांसह पाहिले असेल. काही दिवस फुलांच्या कुंड्या रांगेने मांडलेल्या असतात, मांडवाखाली परीक्षक चष्मे सावरीत फिरतात, आणि प्रदर्शन संपले की मांडववाला आपले बांबू गाडीत भरून चालता होतो. जर्मनीत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर चालतो. दर दोन वर्षांनी एखादे शहर निवडावयाचे आणि तेथे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत राष्ट्रीय उद्यानप्रदर्शन भरवावयाचे, असा तेथील परिपाठ आहे. पहिले प्रदर्शन १९५१ साली हानोव्हर येथे भरले. महायुद्धातील बॉम्बवर्षावाने शहरेच्या शहरे जमीनदोस्त झाली होती. प्रदर्शनाच्या निमित्ताने ढिगारे उपसावे, पडीक जागी झाडे लावावी, आणि सारे आटोपल्यावर ती बाग नागरिकांस कायमची मिळावी, हा त्यातील एक मोठा लाभ.

बाग राहते, परंतु तिच्यातील मंडप आणि दालने बहुधा एका उन्हाळ्यापुरतीच उभारलेली असतात. याचा एक परिणाम असा की, घर बांधताना कोणी करू धजणार नाही असले प्रयोग तेथे होतात. चार पिढ्यांसाठी वाडा बांधणारा सुतार वडिलांनी घालून दिलेली वहिवाट सोडीत नाही, व ते योग्यच आहे. सहा महिन्यांनी उतरावयाच्या छपरावर मात्र थोडे धाडस करून पाहता येते. लाकडास बाक देण्याची विद्या जर्मनीत या प्रदर्शनांच्या आश्रयाने कशी वाढली, हे २०१९ च्या जून महिन्यात आम्हांस तीन ठिकाणी पाहावयास मिळाले. त्यांपैकी तिसऱ्या ठिकाणी जे पाहिले, ते मनातून अद्याप गेलेले नाही.

आमचे भाचे त्या वेळी स्टुटगार्ट येथे विद्यार्जनासाठी राहिले होते. स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ सालापासून परस्परांची भगिनी-नगरे आहेत, आणि तेथे मराठी मंडळी इतकी आहेत की बाजारात कोथिंबीर निवडताना मागून मराठी बोल कानी पडला तर दचकण्याचे कारण नाही. त्या वर्षी शहराच्या एका अंगास रेम्स नदीच्या खोऱ्यातील सोळा गावांनी मिळून आपले उद्यानप्रदर्शन मांडले होते, आणि दुसऱ्या अंगास हाइलब्रॉन येथे राष्ट्रीय प्रदर्शन चालू होते. रेम्स ही नेकारला मिळते, आणि नेकार हाइलब्रॉनवरून वाहत जाऊन मानहाइमपाशी ऱ्हाइनला मिळते. तेव्हा नदीच्या ओघाबरोबरच आपणही उतरावे, असा बेत भाच्यांनी ठरविला.

पहिला मुक्काम उरबाख. स्टुटगार्टहून आगगाडीने तासाच्या आत हे लहानसे गाव येते. सोळा गावांनी सोळा लहान वास्तू त्या प्रसंगी उभारल्या होत्या. उरबाखची वास्तू म्हणजे टेकडीच्या उतारावर, फळझाडांच्या कुरणात उभा असलेला सुमारे १४ मीटर उंचीचा लाकडी मनोरा. दुरून तो एखाद्या लुगड्याच्या निऱ्या कडक खळ देऊन उभ्या कराव्या तसा दिसतो. जवळ गेल्यावर ध्यानात येते की, त्या निऱ्या म्हणजे बारा उंच फळ्या आहेत. प्रत्येक फळीस आडवा बाक आहे, आणि एकीची कड दुसरीस अशी भिडली आहे की आत वर्तुळाकार नसलेली, परंतु सर्व बाजूंनी वळणदार अशी एक खोली तयार होते. आत शिरून उभे राहावे, वर आकाश पाहावे, समोरच्या मोकळ्या बाजूने खोरे पाहावे; याहून अधिक उपयोग त्या मनोऱ्यास नाही, आणि कोणी मागतही नाही.

त्याची खरी मौज आहे ती बाकात. लाकूड वाकवावयाचे तर ते वाफेवर धरून, साच्यात आवळून वाकवावे, ही जुनी रीत. येथे साचा नाही, वाफ नाही, जोर नाही. लाकूड वाळताना आपोआप वाकले आहे. लाकूड वाळले म्हणजे आटते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते रेषेच्या दिशेने जवळजवळ आटत नाही, रेषेच्या आडवे मात्र बरेच आटते. तेव्हा ओलसर लाकडाचे दोन थर, एकाची रेषा उभी व दुसऱ्याची आडवी, असे चिकटवून सपाट तक्ता करावयाचा आणि तो भट्टीत वाळवावयाचा. एक थर आटू पाहतो, दुसरा त्यास आटू देत नाही, आणि या ओढाताणीत तक्त्यास बाक येतो. वाकलेले तक्ते मग एकमेकांवर चिकटवले की बाक कायमचा बसतो. उरबाखच्या लाकडात आरंभी शेकडा २२ भाग ओल होती, ती १२ भागांवर आणली, आणि स्टुटगार्टच्या विद्यापीठातील मंडळींनी गणिताने जेवढा बाक ठरविला होता तेवढा मिळाला.

भाचे हे सारे कागदावर आकृती काढून समजावीत होते. आमच्या कुटुंबाने आकृतीकडे पाहिलेही नाही. "अरे, पापड उन्हात घातला की एका अंगाने सुकतो आणि वळतो, तसेच ना हे?" त्यांनी विचारले.

"अगदी तसेच, मामी," भाचे म्हणाले, "फक्त पापड किती वळणार हे यांनी आधी सांगून ठेवले."

"ते आमच्या सासूबाईही सांगत," मामी म्हणाल्या, आणि मनोऱ्याच्या भिंतीवरून हात फिरवू लागल्या. आमच्या देशात बाक आलेली फळी सुतार बाजूस टाकतो. तोच दोष येथे कामास लावला आहे, याचे आम्हांस फार कौतुक वाटले. हा मनोरा मात्र एका उन्हाळ्यासाठी नाही. तो कायम ठेवण्यासाठीच बांधला आहे.

हाइलब्रॉन हे शहर नेकारच्या दोन्ही काठांवर आहे. ४ डिसेंबर १९४४ च्या रात्री एका हवाई हल्ल्यात त्याचा मध्यभाग जळून गेला व सहा हजारांवर माणसे मेली. प्रदर्शन भरले होते ते नदीलगतच्या जुन्या कारखान्यांच्या व आगगाडीच्या जागेवर. फुलांविषयी आम्ही येथे लिहीत नाही. ती सुंदर होती, आणि गर्दीही तशीच होती. आम्हांस पाहावयाचा होता तो लाकडी मंडप.

हा मंडप खांबांवाचून ३० मीटरांचे अंतर व्यापतो. त्याचे छप्पर ३७६ लाकडी पेट्यांचे आहे. पेट्या आतून पोकळ आहेत, दोहों अंगांस पातळ तक्ते व कडेने चौकट, आणि एकही पेटी दुसरीसारखी नाही. येथे लाकूड वाकविलेले नाहीच. प्रत्येक तुकडा सपाट आहे. चामड्याचे सपाट तुकडे शिवून फुटबॉल गोल होतो, त्याच न्यायाने छपरास गोलाई आली आहे. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका काटेरी गोल प्राण्याच्या कवचावरून ही युक्ती घेतली, असे सांगतात. त्याच्या कवचाच्या पट्ट्या अशा जुळलेल्या असतात की कोणत्याही एका बिंदूपाशी तीनच पट्ट्या मिळाव्या, आणि अशी जुळणी आपोआप ताठ राहते. पेट्यांच्या कडांस बोटांत बोटे गुंतवावी तसे दातेरी सांधे आहेत, एकंदर सुमारे १७,०००. ते यंत्रमानवांनी कापले, आणि इतके नेमके कापले की जागेवर जुळणी करण्यास दोन कारागिरांस कामाचे दहा दिवस पुरले. मंडप सुटा करून दुसरीकडे पुन्हा उभारता यावा, अशीही योजना त्यात आधीच केलेली होती.

खाली बसून वर पाहिले म्हणजे पेट्यांची मोठमोठी भोके दिसतात, व एखाद्या पोवळ्याच्या आत शिरल्याचा भास होतो. काम अचंबा वाटण्यासारखे आहे यात संशय नाही. तरी खरे सांगावयाचे तर आमचे मन तेथे फारसे रमले नाही. जे छप्पर यंत्राने एवढे अचूक ठरविले आहे की माणसाने केवळ ठरल्या जागी तुकडा ठेवावा, तेथे डोळ्यांस शोधावयास काही उरत नाही. भाच्यांस हे मत मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे, दोन माणसांनी दहा दिवसांत एवढे छप्पर उभारले, यातच कारागिरीचा मान आहे. पूर्वी अशा कामावर पन्नास माणसे उन्हात राबली असती. यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

हाइलब्रॉनहून मानहाइमास जाण्यास सरळ वाटही आहे. आम्ही नदीकाठची धरली. डोंगर तांबड्या दगडाचे, माथ्यावर गढ्या, आणि खाली संथ पाणी. याच नेकारवरून एके काळी जंगलातील सरळसोट सूचिपर्णी झाडांचे लांबच लांब तराफे बांधून ते ऱ्हाइनमार्गे थेट हॉलंडपर्यंत जात. आता तराफे नाहीत. मालवाहू पडाव मात्र पुष्कळ दिसले. हायडेलबर्ग मागे पडले की डोंगर संपतात व सपाट मुलूख लागतो. तेथे मानहाइम.

या शहराची एक गंमत आहे. त्याचा जुना भाग सतराव्या शतकाच्या आरंभी बुद्धिबळाच्या पटासारखा आखला गेला, आणि तेथे पत्ता सांगताना बहुधा रस्त्याचे नाव घेत नाहीत. पटावरील घराप्रमाणे अक्षर व आकडा सांगतात. सर्वत्र काटकोन. अशा शहरात १९७५ साली, राष्ट्रीय प्रदर्शनाच्या निमित्ताने, ज्यात सरळ रेषा शोधूनही सापडणार नाही असे एक सभागृह उभे राहिले. ते हेर्त्सोगेनरीड नावाच्या बागेत आहे.

त्याचे जनक दोन. कार्लफ्रीड मुच्लर हे मानहाइमचेच वास्तुशिल्पी. आणि त्यांच्या साहाय्यास फ्राय ओटो. ओटो यांचा जन्म १९२५ चा. महायुद्धात ते वैमानिक होते. पुढे फ्रान्समध्ये शार्त्र् गावाजवळ युद्धकैद्यांच्या छावणीत राहिले असता तेथील बांधकामाची जबाबदारी त्यांजकडे आली. सामान जवळजवळ काहीच नाही आणि आसरा तर हवा, हा प्रश्न तेथे रोज पुढे असे. कमीत कमी द्रव्यात जास्तीत जास्त जागा झाकावी, हा त्यांचा पुढील आयुष्यभराचा ध्यास होऊन बसला. त्यांची कीर्तीही उद्यानप्रदर्शनांतूनच वाढली. १९५५ साली कासेल येथील प्रदर्शनात त्यांनी वाद्यवृंदासाठी एक तंबू ताणला, आणि तेथून ते १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकच्या पारदर्शक छपरापर्यंत पोचले. वास्तुशिल्पातील प्रित्झ्कर पारितोषिक त्यांस २०१५ च्या मार्चमध्ये जाहीर झाले. ते त्याच्या आदल्याच दिवशी वारले होते. बातमी मात्र त्यांस आधी कळविण्यात आली होती.

मानहाइमच्या छपराचा आकार कोणी कागदावर काढला नाही. तो लोंबत्या जाळीने काढला. आपण दारास तोरण लावतो तेव्हा दोन खिळ्यांमध्ये ते आपल्या भाराने झोक घेते. त्या झोकात तोरणाच्या प्रत्येक दोऱ्यास केवळ ताण असतो. आता तोच झोक उलटा केला तर कमान होते, आणि तिच्यात केवळ दाब राहतो. मोडण्यास कारण होणारा बाक स्वतःच्या भाराने तिच्यात येत नाही. ओटो यांच्या मंडळींनी तारांच्या लहान लहान दुव्यांची जाळी करून ती सुमारे शंभरपट लहान प्रमाणावर उलटी टांगली, तिची छायाचित्रे घेऊन मोजमापे काढली, आणि तीच आकृती उलथी करून छपरास दिली. म्हणून ते छप्पर टेकड्यांसारखे दिसते. टेकड्यांची नक्कल करण्याचा उद्देश नव्हता. भाराने जो आकार मागितला तो दिला.

आणि हा आकार दिला तो कशाने? रिपांनी. आपल्याकडे कौलांखाली मारतात तसल्याच, ५ सेंटिमीटर चौरस जाडीच्या, हेमलॉक नावाच्या उत्तर अमेरिकेतील सूचिपर्णी झाडाच्या. त्या दातेरी सांध्यांनी जोडून लांब केल्या व अर्ध्या अर्ध्या मीटरावर आडव्याउभ्या रचल्या. जेथे रीप रिपेस छेदते तेथे एक बोल्ट. बळकटीसाठी ही जाळी दुहेरी केली. सगळ्या रिपा ओळीने मांडल्या तर सुमारे ७० किलोमीटर भरतील! बोल्ट आरंभी सैल ठेवले, आणि ही प्रचंड सपाट चटई खालून मनोऱ्यांच्या आधाराने हळूहळू वर ढकलली. उचलली जाता जाता रिपा वाकल्या, चौकोनांचे शंकरपाळे झाले. बुरूड टोपलीचा तळ सपाट विणून मग कांबी वर वळवितो, त्या क्षणी विणीत जो फरक पडतो तोच हा. मात्र ही टोपली ६० मीटर रुंद आणि २० मीटर उंच. ठरलेला आकार आल्यावर बोल्ट आवळले, कडा बांधून टाकल्या, कर्णरेषांवर पोलादी तारा ताणल्या, व वरून उजेड येऊ देणारे कृत्रिम कापड घातले. १९६२ साली एसेन येथे ओटो यांनी याच पद्धतीचे एक लहान छप्पर करून पाहिले होते. मानहाइमची उडी त्या मानाने फारच मोठी होती.

हिशेबाची बाजू लंडनच्या ओव्हे अरप यांच्या कचेरीतील टेड हॅपोल्ड, इयान लिडेल प्रभृतींनी सांभाळली. असले छप्पर पूर्वी कोणी केलेले नसल्याने केवळ गणितावर विसंबावयास तपासनीस तयार नव्हते. तेव्हा छपराखाली पाण्याने भरलेले दोनशेच्या आसपास कचऱ्याचे डबे टांगले आणि छप्पर किती खाली येते ते मोजले. गणिताने जेवढे सांगितले होते तेवढेच, जवळजवळ काट्यावर, ते खाली आले. त्या उन्हाळ्यात प्रदर्शनास ऐंशी लाखांच्या आसपास लोक येऊन गेले.

उन्हाळा संपला, छप्पर उतरावयाचे होते. ते उतरले नाही. लोकांस ते आवडले होते, त्याखाली जलसे होत, मुले पळत, पाऊस आला तर बागेतली मंडळी तेथे धावत. वर्षावर वर्षे गेली. १९९८ साली सरकारने त्याची संरक्षित वास्तूंत नोंद केली. परंतु रिपांस नोंद कळत नाही. पाणी झिरपले, भाराखाली लाकूड कणाकणाने बसत गेले, काही रिपा तुटल्या, आणि २०११ च्या सुमारास आत जाणे धोक्याचे ठरून दालन बंद करावे लागले. २०१६ साली नगरसभेने ठराव केला की, डागडुजीस बाहेरून पैसा न जमल्यास वास्तू पाडावी. यावर दूरदूरच्या वास्तुशिल्पींनी ओरड केली. २०१८ साली व्हेनिस येथे या सभागृहावर प्रदर्शन मांडले गेले व त्यास 'निद्रिस्त सुंदरी' असे नाव दिले.

आम्ही गेलो तेव्हा सुंदरी कुंपणाच्या आत होती. कापड काळवंडलेले, कडेस शेवाळ, आणि मधल्या घुमटाखाली आधाराचे मनोरे. तरीही कुंपणाशी उभे राहून आत दृष्टी टाकली, आणि आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही. मावळतीचे ऊन कापडातून गाळून आत पडले होते, आणि हजारो शंकरपाळ्यांची छाया जमिनीवर वळणे घेत होती. येथे डोळा कोठेच अडत नाही. प्रत्येक रीप सरळ होती व तिला वाकवावे लागले, हे दिसते. कोठे ती थोडी कुरकुरली आहे, हेही दिसते.

परतीच्या गाडीत वाद झाला. भाच्यांचे मत असे की, जे एका उन्हाळ्यासाठी केले ते राखण्यात कर्त्याचाच अपमान आहे. "मामा, पृथ्वीवर हलके पाऊल टाकून निघून जावे, हाच तर ओटोंचा ध्यास. त्यांच्या छपराखाली लोखंडाचे मनोरे घालून ते टिकविण्यात काय अर्थ? तेवढ्या पैशांत तीन नवी होतील."

मामींनी विचारले, "गणपतीचे मखर आपण मोडतोच ना? पण आजेसासऱ्यांनी केलेले अजून माळ्यावर आहे, आणि दर वर्षी तेच लावतो. त्याच्या दोन कमानी यांनी नव्या घातल्या. म्हणून ते दुसरे झाले का?"

आमचा कल मामींकडे झाला, परंतु एका अटीवर. मखर राखले जाते ते त्यात दर वर्षी गणपती बसतो म्हणून. मानहाइमचे छप्पर केवळ त्याची छायाचित्रे पुस्तकांत आहेत म्हणून राखावयाचे असेल तर भाचे म्हणतात ते खरे, पाडावे. त्याखाली पुन्हा मुले पळणार असतील, तर रिपा बदलाव्या, कापड बदलावे, लागेल तितके बदलावे. शिवाय हिशेबाच्या वह्यांत नसलेले काही त्या लाकडात लिहिलेले आहे. वाकवून ठेवलेली रीप ऊनपाऊस सोसून चव्वेचाळीस वर्षांत कशी वागते, हे सांगणारी एवढी मोठी साक्ष दुसरीकडे कोठे मिळावी? हाइलब्रॉनचा मंडप रचणाऱ्यांसही तिची गरज पडेल. भाचे हसले. "तुमची अट नगरसभेस कळवू का?" म्हणाले.

कळविण्याची गरज पडली नाही. शहराने व मध्यवर्ती सरकारने पैसा उभा केला, पाडण्याचा विचार मागे पडला, आणि दुरुस्तीचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. २०२३ साली राष्ट्रीय उद्यानप्रदर्शन पुन्हा मानहाइमास आले. त्या वेळी ते अमेरिकन फौजेने सोडलेल्या एका छावणीच्या मैदानावर आणि नेकारकाठच्या लुइझेन बागेत भरले होते.